सव्वा सात

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. संध्याकाळची वेळ, बाबा खुर्चीत पाठमोरे बसून बूट पॉलिश करत होते. सैन्यातून रिटायर होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, आता ते बूट घालून कुठे जायचंही नव्हतं, पण पॉलिश रोज व्हायचंच. मी दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ उभी होते, धीर गोळा करत, आणि शेवटी म्हटलं, "बाबा, भीती वाटते." त्यांनी मान वळवली नाही. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सव्वा सात."

बस एवढंच. ब्रश परत बुटावर फिरायला लागला. मी दोन मिनिटं तिथेच उभी राहिले आणि मग निघून गेले.

यातलं काहीच मी कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. पण मनात एक गोष्ट पक्की बसली की या माणसाला भीतीबिती सांगायची नसते. हा फौजी आहे, याच्यासमोर भीतीचं नाव काढलं की तो घड्याळ दाखवतो, म्हणजे वेळ वाया घालवू नकोस, अभ्यासाला बस. मी त्या दोन शब्दांचा एवढा अर्थ लावला होता! आणि पुढची तीस वर्षं त्याच अर्थावर आमचं नातं चाललं. वाईट नाही, भांडणाचं तर अजिबातच नाही, पण लांबचं. काही महत्त्वाचं असलं की मी आईला सांगायचे आणि आई बाबांना.

बाबा तोफखान्यात होते, वीस वर्षांहून जास्त. आम्ही मुलं हे अभिमानाने सांगायचो. त्या वीस वर्षांनी त्यांच्या कानाचं काय केलं हे विचारायचं मात्र आमच्यापैकी कोणाला कधी सुचलं नाही. बाबांना "कमी ऐकू येतं" हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे टीव्हीचा आवाज मोठा असायचा, हाक दोनदा मारावी लागायची, एवढंच. त्याला आम्ही वय म्हणायचो. रिटायर झाले तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते, तरी आम्ही वय म्हणायचो.

आणि बाकीच्या गोष्टी होत्या त्यांना आम्ही स्वभाव म्हणायचो.

उदाहरणार्थ, बाबांना दादाचं ऐकू यायचं आणि माझं नाही. हे मी अगदी लहानपणापासून बघत आले. दादा दुसऱ्या खोलीतून काही बोलला तरी ते उत्तर द्यायचे आणि मी शेजारी उभी राहून बोलले तर "हं हं" म्हणायचे. आईचं अर्धं ऐकायचे. माझा आवाज आधीच बारीक, त्यात हळू बोलायची सवय, पण मला तेव्हा वाटायचं की मी मुलगी आहे म्हणून. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, मनात मात्र हजारदा म्हटलं असेल.

दुसरं म्हणजे घरी चार माणसं जमली की बाबा एक तर उठून जायचे नाहीतर एकटेच बोलत राहायचे. मधे कोणाला बोलूच द्यायचे नाहीत. तोफेच्या गोष्टी, बर्फाच्या गोष्टी, त्याच त्याच. पाहुणे कंटाळायचे, आई खुणा करायची. आता कळतं की आपण बोलत असलो की ऐकावं लागत नाही, विषय आपल्या हातात राहतो, आणि कोणी काय विचारलं हे कळलं नाही तरी चालतं. ती त्यांची लपायची जागा होती.

आणि सगळ्यात जास्त भांडणं ज्याच्यावरून व्हायची ते हे, की आई काही बोलली की म्हणायचे "मोठ्याने बोल", ती मोठ्याने बोलली की म्हणायचे "ओरडतेस कशाला?" बिचारी आई. ती म्हणायची की या माणसाचं करायचं तरी काय, हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं तर राग येतो.

रात्री बाबा रेडिओ लावून झोपायचे. गाणी वगैरे नाही, दोन स्टेशनांच्या मधे जी नुसती खरखर असते ना, ती. बारीक आवाजात रात्रभर. आम्ही बंद केला तर जागे व्हायचे. याला आम्ही बाबांची विचित्र सवय म्हणायचो, फौजेतली असेल, कॅम्पवर लागली असेल.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. आजोबांजवळ बसून काहीतरी सांगत होती, बराच वेळ, हातवारे करून, आणि मग उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा माझं ऐकतच नाहीत." रडत नव्हती, तक्रारही नव्हती, फक्त माहिती दिल्यासारखं सांगितलं. माझ्या पोटात गोळाच आला. हेच वाक्य मी मनात म्हणत मोठी झाले होते आणि आता ते माझ्या मुलीच्या तोंडून येत होतं. बाबा समोर बसून तिच्याकडे बघून हसत होते, फार प्रेमाने हसत होते, म्हणजे ऐकायचं नाही असं तर त्यांच्या मनात नव्हतंच. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

कान तपासायला ते सहजी तयार झाले नाहीत. आधी म्हणाले, "मला ऐकू येतं, तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता." हे वाक्य ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी शंभर टक्के ऐकलेलं असणार, आणि गंमत नाही, ते खरंच बोलत असतात. त्यांच्या बाजूने तसंच वाटतं. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. मग कोणीही म्हणेल की समोरचा नीट बोलत नाही.

टेस्टला एक छोटी बंद खोली असते, हेडफोन लावतात, वेगवेगळ्या सुरांचे टूँ टूँ आवाज येतात, आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून बघत होते. बाबा एकदम ताठ बसले होते, बटणावर अंगठा ठेवून, ऑर्डरची वाट बघितल्यासारखे. मधे मधे खूप वेळ काहीच व्हायचं नाही. ऑडिओलॉजिस्ट बाई आवाज वाढवत होती, आणखी वाढवत होती, आणि बाबा तसेच बसलेले. मला माहीत होतं की आत्ता त्यांच्या कानात आवाज चालू आहे आणि त्यांना तो येत नाहीये. ते बघणं मला जड गेलं.

मग तिने ग्राफ दाखवला. ऑडिओग्राम म्हणतात त्याला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. डावीकडे जाडे, खालचे सूर, उजवीकडे बारीक, वरचे सूर. रेघ जेवढी खाली तेवढं ऐकणं वाईट. बाबांची रेघ जाड्या सुरांना जवळपास ठीक होती आणि मग एकदम कडा तुटल्यासारखी खाली गेली होती. ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बऱ्याच बारीक सुराच्या, आसपास खड्डा, आणि डाव्या कानात खड्डा जास्त खोल. बाईने तो बघितला आणि विचारलं, "आवाजात काम केलंय का कधी? मशीन, कारखाना?" बाबा म्हणाले, "तोफखाना." तिने नुसती मान हलवली. पुढे काही विचारायची गरजच नव्हती.

नंतर तिने मला बाजूला बसवून जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून काढलं होतं. बोलण्यातला जो जोर असतो, ज्याच्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, तो स्वरांमध्ये असतो, आ, ई, ओ, आणि स्वर खालच्या सुरातले असतात. पण कोणता शब्द आहे हे कळतं ते व्यंजनांमुळे, आणि त्यातली स, श, च, ट, त, क, फ, थ अशी व्यंजनं फार हलकी आणि वरच्या सुरातली असतात, बरोबर त्या खड्ड्यात पडणारी. त्यामुळे या माणसांना बोलणं ऐकू येतं पण त्याचा सांगाडा गेलेला असतो. सात आणि आठ आणि हात यात फरक कळत नाही. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं पुरुषांपेक्षा बारीक आणि हलकं, म्हणून ते जास्त निसटतं. बाबांना दादाचं ऐकू येणार आणि माझं नाही, हे त्या ग्राफवर लिहिलेलंच होतं. मी चाळीस वर्षं जिला मायेतला फरक समजत होते ती एक निळी रेघ निघाली.

आईने घरी आल्यावर आठवण काढली की ती "फोन आलाय" म्हणायची आणि हे जाऊन दार उघडायचे, बाहेर कोणी नाही. चिडून परत यायचे. त्यांना "कोण आलंय" ऐकू आलेलं असायचं. आम्ही तेव्हा हसायचो. आता आई ते सांगताना हसली नाही.

आणि त्या रात्री मी झोपताना सहज, काही कारण नसताना, असे शब्द जुळवत होते, कशाचं काय ऐकू येत असेल, पाणी, आणि, सून, ऊन, तीस, वीस, आणि एकदम उठूनच बसले. बाबा, भीती वाटते. बाबा, किती वाजले.

भीती वाटते. किती वाजले. ई ई आ ए. दोन्हीत स्वर तेच, जागा त्याच, लयसुद्धा तीच. मी पाठीमागे उभी होते, बारीक आवाजात बोलले होते, तोंड त्यांना दिसत नव्हतं, ब्रशचा आवाज चालू होता. मुलीने वेळ विचारली, त्यांनी घड्याळ बघून सांगितली. सव्वा सात.

त्यानंतर मी कानाबद्दल मिळेल ते वाचत गेले. थोडं इथे लिहिते, कारण ज्यांच्या घरी जुना सैनिक आहे त्यांनी हे माहीत करून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि मला हे कोणी वीस वर्षं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कानाच्या आत, शंखासारख्या गोल भागात, केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. ऐकण्याचं सगळं काम त्यांच्यावर. किती असतात तर एका कानात साधारण १५-१६ हजार, बस. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी १० कोटींच्या वर आणि कानात एवढ्याच. त्यातल्या मेंदूपर्यंत खरा निरोप पोचवणाऱ्या तर साडेतीन हजारच. आणि एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, हे १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, कोंबडीच्या पिल्लाचा कान बिघडला तर काही आठवड्यांत परत सुधारतो. माणसाचा नाही. हे वाचून मला पिल्लांचा हेवा वाटला, खरंच वाटला.

आता आवाजाचं. तो किती मोठा आहे हे डेसिबलमध्ये मोजतात, साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास. ८५ च्या आवाजात दिवसाचे आठ तास काम केलं तर कानाला धोका सुरू होतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, ८८ ला चार तास, ९१ ला दोन. बंदूक-तोफेचं वेगळंच, तिथे एका क्षणाच्या धमाक्याचा हिशोब असतो आणि १४० च्या वर गेलं की एकच धमाकाही कायमचं नुकसान करू शकतो. साधी रायफल सुटते तेव्हा चालवणाऱ्याच्या कानापाशी १५५-१६० पर्यंत जाते. मोठ्या तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाला १८० च्या घरात. आणि हे आकडे साध्या बेरजेचे नसतात, दर १० ला ताकद दहापट होते. म्हणजे १६० आणि १८० मधे वीसचा फरक दिसतो तो शंभरपटीचा असतो. मी हे समजून घेतलं तेव्हा बाबांच्या जुन्या फोटोकडे परत जाऊन बघितलं, त्यात ते तोफेला टेकून हसतायत.

निसर्गाने कानाला थोडं संरक्षण दिलंय. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीकसा स्नायू आवळतो आणि आवाज थोडा दाबतो. पण त्याला आवळायला सेकंदाचा काही शतांश वेळ लागतो आणि तोफेचा दणका त्याच्या आधीच आत जाऊन काम करून मोकळा झालेला असतो. ढगांच्या गडगडाटासाठी बनलेली सोय आहे ती, बारूदीसाठी नाही.

सगळ्यात फसवं काय तर कान परत येतो. बाबा सांगतात, फायरिंग झालं की कानात बोळे कोंबल्यासारखं वाटायचं, शिट्टी वाजायची, समोरचा बोलतोय ते पाण्याखालून आल्यासारखं, आणि दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, सगळं ठीक. सगळ्यांचंच तसं व्हायचं, त्यामुळे कोणी मनावर घेत नव्हतं. पण २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की आवाजानंतर ऐकणं टेस्टमध्ये पूर्ण परत आलं तरी आतल्या पेशी आणि नस यांच्यातले जोड, काही भागात तर निम्म्यापर्यंत, कायमचे तुटलेले असतात. शांत खोलीत कळत नाही, गलबल्यात बोलणं समजून घ्यायची वेळ आली की कळतं. म्हणजे "दुसऱ्या दिवशी ठीक" होतं तेव्हाही बहुतेक काहीतरी जातच होतं, दर वेळी थोडं थोडं.

मी विचारलं की कानात काही घालायचात की नाही. म्हणाले, कापूस. नाहीतर बोटं. आणि तोंड उघडं ठेवायचं, हे जुने लोक शिकवायचे. पण ज्याच्या हातात गोळा आहे त्याने बोटं कुठून आणायची? आणि ज्याने ऑर्डर ऐकायची आणि पुढे ओरडून द्यायची त्याने कान बंद करून कसं चालेल? एक आकडा चुकीचा ऐकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडेल. हे ते अगदी शांतपणे म्हणाले. कान वाचवायचा तर ऐकू येणार नाही आणि ऐकायचं तर कान जाणार, या दोघांच्या मधे उभं राहून या लोकांनी वर्षानुवर्षं नोकरी केली.

हे फक्त आमच्या घरचं नाही हे मला नंतर कळलं, आणि नवीनही नाही. १७८२ मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल रॉडनी याच्या फॉर्मिडेबल या जहाजावरून लढाईत ८० वेळा एका बाजूच्या सगळ्या तोफा डागल्या गेल्या आणि त्यानंतर तो १४ दिवस बहिरा होता अशी नोंद वैद्यकीय लिखाणात सापडते. त्याची नोंद राहिली कारण तो अ‍ॅडमिरल होता, खाली प्रत्यक्ष तोफेला बत्ती देणाऱ्यांचं पुढे काय झालं ते कोणी लिहिलं नाही. मला सारखं त्यांचंच वाटत राहतं. दुसऱ्या महायुद्धात इतके सैनिक कान गमावून परतले की अमेरिकेत त्यांच्यासाठी खास हॉस्पिटलं काढावी लागली, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या डेशॉन हॉस्पिटलमध्ये रेमंड कार्हार्ट नावाच्या कॅप्टनने या सैनिकांना ऐकायचं, कानाला लावायचं मशीन निवडून देणं, ओठ वाचायला शिकवणं, परत बोलण्यात आणणं असं सगळं काम उभं केलं. आज ज्याला आपण ऑडिओलॉजी म्हणतो ती विद्या बऱ्याच अंशी तिथून वाढली. ज्या बाईने बाबांचा ग्राफ काढला तिची विद्याच मुळात अशाच सैनिकांच्या कानातून आलेली. हे मी बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ खूश होते.

आणि आजही अमेरिकेत निवृत्त सैनिकांना ज्या दुखापतींसाठी सरकारकडून भरपाई मिळते त्यात पहिल्या नंबरवर कानातली शिट्टी आहे, गोळी नाही, स्फोट नाही. ऐकणं कमी होणंही त्या यादीत अगदी वर आहे. तिथे सैन्याला पुरवलेल्या इअरप्लगवरून थ्रीएम कंपनीवर अडीच लाखांच्या आसपास लोकांनी दावे केले आणि २०२३ मध्ये कंपनीने ६०० कोटी डॉलर देऊन तडजोड केली, चूक मात्र मान्य केली नाही. प्लगची कल्पना चांगली होती, एका टोकाने घातला तर हळू आवाज आत येणार आणि धमाका अडणार, म्हणजे बाबांचा जो पेच होता तोच सोडवायचा प्रयत्न. पण तो कानात नीट बसत नाही, सैल होतो, असं सैनिकांचं म्हणणं होतं. हे लोक ज्याच्या भरवशावर कान पुढे करतात ती वस्तू पूर्ण तपासून दिली गेली पाहिजे, याच्यात दुसरं मत असूच शकत नाही.

पण मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो बाबांच्या गप्प राहण्याचा. नोकरीत असतानाच त्यांना कळलं होतं. डावा कान गेलाय हे त्यांना माहीत होतं, रायफल उजव्या खांद्याला लावली की नळीचं तोंड डाव्या कानाला जास्त जवळ पडतं आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो, त्यामुळे बऱ्याच जणांचा डावाच आधी जातो, हे त्यांच्यातले लोक बोलायचे. पण डॉक्टरसमोर कोणी बोलायचं नाही. पूर्वी डॉक्टर पाठीमागे उभा राहून कुजबुजायचा आणि ते परत म्हणून दाखवायचं, अशी टेस्ट असायची. बाबा म्हणाले, आकडे आणि ठरावीक शब्दच असायचे, अंदाज यायचा. "कान गेला म्हटलं की तोफेवरून काढतात. मग मी काय करणार होतो?"

रिटायर झाल्यावर का नाही सांगितलं, मी विचारलं. यावर त्यांनी इतका वेळ काही म्हटलं नाही की मला वाटलं ऐकूच आलं नसेल, मी परत विचारणार होते. मग म्हणाले, "अगं, माझ्याबरोबरच्या एकाचे दोन्ही पाय गेले. काही जण परत आलेच नाहीत. त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो मी. आणि मी काय सांगू, की मला टीव्ही ऐकू येत नाही?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण मला एवढं कळतं की दुसऱ्याचं दुःख मोठं असलं म्हणून आपलं लपवलं तर ते घरातच राहतं आणि दुसरीच नावं घेऊन फिरतं, राग, हट्टीपणा, माणूसघाणेपणा. आमच्या घरात ते तीस वर्षं फिरत होतं.

त्याच सुमाराला शिट्टीबद्दलही कळलं. त्यांच्या बाबतीत ती शिट्टी नाहीये, रातकिडे आहेत. मला एकदा म्हणाले, "मला बरीच वर्षं वाटायचं की बाहेर रातकिडे ओरडतायत." थंडीत, भर दुपारी, बंद खोलीत, सगळीकडे. मग कधीतरी लक्षात आलं की ते आपल्याबरोबरच येतात. कानाकडून निरोप यायचा बंद झाला की मेंदू तिकडचा आवाज वाढवून वाढवून ऐकायला बघतो आणि मग जे नाही ते ऐकू यायला लागतं, असं साधारण कारण सांगतात. शांततेत ते सगळ्यात मोठे होतात. म्हणून रेडिओची खरखर. त्या माणसाने कोणाला न विचारता, न सांगता, स्वतःचा उपाय स्वतः शोधून काढला होता, डॉक्टरसुद्धा असाच काहीतरी आवाज लावून झोपा म्हणतात, आणि आम्ही उठून तो बंद करायचो. किती रात्री बंद केला असेल मी.

या रातकिड्यांवर गोळी नाही. समुपदेशनाने, एका ठरावीक पद्धतीच्या बोलण्याच्या थेरपीने त्रास कमी होतो, आवाज राहतो पण तो छळत नाही, असं वाचलं. बाबा थोडे दिवस गेले. म्हणाले, "आता ते असतात, मी पण असतो."

मशीनबद्दल लोकांना वाटतं की चष्म्यासारखं आहे, लावलं की झालं. तसं नाहीये. पहिला आठवडा तर फार वाईट गेला. पेपरची पानं उलटली तरी कडकड, नळ सोडला तरी धबधबा, स्वतःच्या चावण्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. आम्हाला वाटलं संपलं. पण ऑडिओलॉजिस्टने आधीच सांगून ठेवलं होतं की मेंदू इतकी वर्षं हे आवाज विसरलेला आहे, त्याला परत ओळख व्हायला आठवडे, महिने लागतात, रोज थोडं थोडं लावा. आणि "मोठ्याने बोल, ओरडतेस कशाला" हेसुद्धा तिनेच उलगडून सांगितलं. ज्या पेशी हळू आवाज वाढवून देतात त्या गेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज आहे तेवढाच जोरात आदळतो, मधली जागा अगदी थोडी उरते. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यात चिंचोळी पट्टी. आई त्या पट्टीच्या कधी अलीकडे पडायची, कधी पलीकडे. हे ऐकल्यावर आईने बाबांचा हात धरला होता, तिथेच, त्या बाईसमोर.

मशीन लावूनही व्यंजनं सगळी परत आलेली नाहीत. जे मेलंय ते मोठ्याने बोलून जागं होत नाही. त्यामुळे बाकीचं आम्हाला करावं लागतं. आता आम्ही आधी हाक मारतो, त्यांनी बघितलं की मगच बोलतो. तोंड उजेडात ठेवायचं. टीव्ही बंद. एका वेळी एकाने बोलायचं, हे सगळ्यात अवघड जातं. आणि शब्द कळला नाही तर तोच शब्द पाच वेळा ओरडायचा नाही, वाक्य बदलून सांगायचं, साठ कळत नसेल तर सहावर शून्य म्हणायचं. माझ्या मुलीला हे सगळ्यात पटकन जमलं. ती आजोबांची हनुवटी धरून आपल्याकडे वळवते आणि मग बोलायला लागते.

आणि एक वाक्य आम्ही घरातून काढून टाकलंय. "काही नाही, जाऊ दे." बाबांनी "काय?" विचारलं की आम्ही सगळे वर्षानुवर्षं हेच म्हणत होतो. दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा कंटाळा आला, काही नाही जाऊ दे. माझ्या मते बहिऱ्या माणसाला बोलता येईल असं याच्याइतकं वाईट वाक्य दुसरं नाही, शिवी परवडली. बाबांनी एकदा सांगितलं की या वाक्याचं त्यांना तोंड बघूनच कळायचं, ते वाक्य कधी चुकीचं ऐकू आलं नाही.

सव्वा सातचं मी त्यांना लगेच सांगितलं नाही. सांगून काय होणार, त्यांना उगाच लागेल, असं वाटत होतं. वर्षभर तशीच राहिले. मग मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ते खुर्चीत बसून माझ्या मुलीचे बूट पॉलिश करत होते. मी दारात उभी होते, मागे, बरोबर त्याच बाजूला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. जाऊन त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले, दिवा लावला. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

मी सांगितलं. मी अमुक एवढी होते, तुम्ही असेच बसला होता, मी मागून म्हटलं बाबा भीती वाटते, आणि तुम्ही वेळ सांगितलीत. त्यांना आठवत नव्हतं, आठवणार कसं, मुलीने वेळ विचारली हे कोण लक्षात ठेवतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. भीती हा शब्द पहिल्यांदा लागला नाही त्यांना, मी परत म्हटलं, मग "घाबरले होते मी" असं म्हटलं, तेव्हा लागला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. बराच वेळ ते तसेच बसले, बूट मांडीवर, आणि मग थोडं पुढे वाकून, उजवा कान माझ्याकडे करून म्हणाले,

"कशाची?"

मी सांगायला लागले. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायची, बाबा. माझा आवाजच फुटायचा नाही.